नव्या रुग्णसेवेची आखणी : डॉक्टरांचा सल्ला केव्हा घ्यावा?

जिल्ह्याच्या अथवा तालुक्याच्या रुग्णालयात एखादी नवी सेवा सुरू करावयाचे ठरले की कामाचा एक ठराविक क्रम सुरू होतो. मागणीचा ठराव होतो, जागा पाहिली जाते, नकाशा व अंदाजपत्रक तयार होते. प्रशासकीय मान्यता, तांत्रिक मान्यता, निविदा, कार्यारंभ आदेश असे एकेक टप्पे पार पडतात. भिंती उभ्या राहतात, रंग लागतो, यंत्रसामग्रीच्या पेट्या येऊन पडतात. ज्यांनी त्या कक्षात रात्रंदिवस काम करावयाचे त्या डॉक्टरांना व परिचारिकांना मात्र पुष्कळदा उद्घाटनाची तारीख जवळ आल्यावर जागा दाखविली जाते. तेव्हा कोणी म्हणतो, हात धुण्याची सोय दाराशीच हवी होती. कोणी म्हणते, प्रसूतिगृह खाली आणि कक्ष वर, बाळ आणावयाचे कसे? सूचना योग्य असतात. परंतु त्या वरातीमागून आलेल्या घोड्यासारख्या असतात. काँक्रीट घट्ट झालेले असते आणि निधीही खर्ची पडलेला असतो.

प्रस्तुत लेखाचा विषय हाच आहे. नव्या रुग्णसेवेच्या आखणीत डॉक्टरांना सहभागी करून घ्यावे, याविषयी सहसा कोणाचे दुमत नसते. प्रश्न असतो तो केव्हा, हा. तयार नकाशावर सही घेण्यापुरते त्यांना बोलावणे आणि नकाशाची पहिली रेघ ओढण्यापूर्वी त्यांच्याशी विचारविनिमय करणे, यांत रुग्णाच्या जीवितापर्यंत पोहोचणारे अंतर आहे. हे अंतर स्पष्ट व्हावे म्हणून येथे एकाच सेवेचे उदाहरण घेतले आहे. ती सेवा म्हणजे आजारी व कमी वजनाच्या नवजात अर्भकांसाठी रुग्णालयात स्थापन होणारा विशेष कक्ष.

नवजात अर्भकाचेच उदाहरण का?

जन्मानंतरचे पहिले अठ्ठावीस दिवस हा माणसाच्या आयुष्यातील अत्यंत धोक्याचा काळ होय. नमुना नोंदणी पद्धतीच्या २०२० सालच्या आकडेवारीनुसार महाराष्ट्रात दर हजार जिवंत जन्मांमागे १६ बालके वर्षाची होण्यापूर्वी दगावली. त्यांपैकी ११ बालके पहिल्या अठ्ठावीस दिवसांतच दगावली होती. म्हणजे अर्भकमृत्यूंपैकी दोन-तृतीयांशाहून अधिक मृत्यू या चार आठवड्यांत घडतात. लसीकरण, पोषण आणि अतिसारावरील उपचार यांमुळे मोठ्या अर्भकांचे मृत्यू पुष्कळ कमी झाले. आता जे उरले आहे ते प्रामुख्याने नवजात बालकांच्या प्राणरक्षणाचे काम आहे.

या कामासाठी केंद्र शासनाने २०११ साली रुग्णालयीन नवजात सेवेची मार्गदर्शक तत्त्वे निश्चित केली. त्यांनुसार सेवेचे तीन स्तर मानण्यात आले. जेथे जेथे प्रसूती होते तेथे नवजात शिशूचा कोपरा, प्रथम संदर्भ रुग्णालयात स्थिरीकरण कक्ष आणि वर्षाला तीन हजारांहून अधिक प्रसूती होणाऱ्या जिल्हा रुग्णालयासारख्या ठिकाणी किमान बारा खाटांचा विशेष नवजात काळजी कक्ष, अशी ही रचना आहे. आज देशात असे नऊशेहून अधिक विशेष कक्ष आहेत. नवे कक्ष उभारण्याचे व जुन्यांचा विस्तार करण्याचे प्रस्तावही येत असतात. अशा प्रस्तावांवर निर्णय घेणारे अधिकारी, निधीची शिफारस करणारे लोकप्रतिनिधी आणि रुग्ण कल्याण समितीचे सदस्य या सर्वांना या विषयाची तोंडओळख असणे म्हणूनच अगत्याचे आहे.

नकाशा काय काय ठरवितो?

वरकरणी पाहता नकाशा म्हणजे भिंती, दारे व खिडक्या. वस्तुतः नकाशा उपचारच ठरवीत असतो. काही उदाहरणांवरून हे लक्षात येईल.

पहिली बाब उबेची. निरोगी नवजात बाळाच्या शरीराचे तापमान साडेछत्तीस ते साडेसदतीस अंश सेल्सिअस असते. बाळ जन्मते ते ओले असते. त्याच्या वजनाच्या मानाने त्वचेचे क्षेत्रफळ मोठे असते आणि त्वचेखालील चरबी अल्प असते. त्यामुळे ते फार लवकर गार पडते. प्रौढ माणसाला सुखद वाटणारा गारवा त्याच्या प्राणावर बेतू शकतो. म्हणूनच प्रसूतिगृहाचे तापमान किमान पंचवीस अंश असावे, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. आता समजा, नकाशा करणाऱ्याने सवयीने प्रसूतीच्या टेबलावर छताचा पंखा दाखविला, अथवा प्रसूतिगृह आणि नवजात कक्ष यांच्यामध्ये उघडा व्हरांडा ठेवला. त्याच्या दृष्टीने ही हवेशीर रचना झाली. बालरोगतज्ज्ञाच्या दृष्टीने मात्र सव्वा किलोचे ओले बाळ हिवाळ्याच्या पहाटे वाऱ्यातून नेण्याची ती व्यवस्था होय. हे सांगावयास बालरोगतज्ज्ञ त्या बैठकीत हवा.

दुसरी बाब जंतुसंसर्गाची. कमी दिवसांच्या बाळाची प्रतिकारशक्ती दुबळी असते आणि कक्षातील संसर्ग बहुधा माणसांच्या हातांवरून एका बाळाकडून दुसऱ्याकडे जातो. त्यावरचा सर्वांत स्वस्त उपाय म्हणजे साबण व वाहते पाणी. परंतु हात धुण्याचे पात्र कक्षाच्या प्रवेशमार्गावरच असले, नळ कोपराने उघडता येण्याजोगा असला आणि पाण्याची टाकी उन्हाळ्यातही भरलेली राहिली, तरच हात धुतले जातात. पात्र एका कोपऱ्यात असले तर भिंतीवर कितीही सूचनाफलक लावा, घाईच्या वेळी कोणी तेथवर जात नाही. दोन खाटांमधील अंतराचेही तसेच आहे. ते कमी ठेवले तर पुढे जागेअभावी ते वाढविता येत नाही.

तिसरी बाब विजेची. वॉर्मर म्हणजे बाळाला वरून ऊब देणारे उपकरण. असे एक उपकरण आठशे वॉटचे धरले तर बारा उपकरणांना सुमारे साडेनऊ किलोवॉट वीज लागते. त्यात कावीळ झालेल्या बाळांसाठी लागणारी निळ्या प्रकाशाची यंत्रे, ऑक्सिजन कॉन्सन्ट्रेटर, सलाईनचे पंप, तपासणीचे मॉनिटर व वातानुकूलन यांची भर पडते. शिवाय हा भार चोवीस तास, बाराही महिने चालू राहतो. सामान्य वॉर्डाच्या हिशेबाने वायरिंग केले आणि पुढे तेथेच नवजात कक्ष थाटला, तर एकाच जोडणीवर अनेक उपकरणे लावण्याची वेळ येते. कोणती उपकरणे एकाच वेळी चालतील, वीज गेल्यास कोणती क्षणभरही थांबता कामा नयेत, हे विद्युत अभियंत्याला फक्त डॉक्टर सांगू शकतो. आणि त्यासाठी कोणती केबल, कोणते जनित्र व कोणती संरक्षक यंत्रणा लागेल, हे डॉक्टरला फक्त अभियंता सांगू शकतो. दोघे एकत्र बसल्याशिवाय हे गणित पूर्ण होत नाही.

चौथी बाब मनुष्यबळाची. ती नकाशात दिसत नाही. पण तीही आखणीच्या वेळीच ठरते. समजा, चार बाळांमागे प्रत्येक पाळीत एक परिचारिका, असा हिशेब धरला. बारा खाटांना एका पाळीत तीन व तीन पाळ्यांत नऊ परिचारिका लागतील. साप्ताहिक सुट्टी धरली की ही संख्या अकरावर जाते आणि रजा, आजारपण, प्रशिक्षण यांचा विचार करता बारा परिचारिकांवाचून कक्ष सुरळीत चालणार नाही. खाटा मंजूर करताना ही पदे मंजूर झाली नाहीत, तर नव्या खाटा म्हणजे जुन्याच परिचारिकांवरील नवा बोजा ठरतो. हा हिशेब मंत्रालयातील फाईलवर आपोआप उमटत नाही. रात्रपाळी केलेल्या माणसालाच तो आधी सुचतो.

पुरुलियाचा धडा

डॉक्टरांच्या पुढाकाराने सेवेची आखणी झाली तर काय साधते, याचे एक उत्तम उदाहरण पश्चिम बंगालमधील पुरुलिया जिल्ह्यात पाहावयास मिळते. पुरुलिया हा दुष्काळी व मागासलेला जिल्हा. तेथील जिल्हा रुग्णालयात २००३ साली आजारी नवजात अर्भकांसाठी स्वतंत्र कक्ष सुरू करण्यात आला. या कामात नवजात शिशुतज्ज्ञ डॉ. अरुण सिंग यांचा पुढाकार होता. मोठ्या शहरातील अतिदक्षता विभागाची नक्कल जिल्ह्याच्या गावी टिकणार नाही, याची त्यांना जाणीव होती. जिल्हा रुग्णालयात किती डॉक्टर मिळतील, कोणती उपकरणे चालतील आणि कोणत्या आजारांची बाळे प्रामुख्याने दगावतात, या प्रश्नांपासून त्यांनी आरंभ केला. ऊब, श्वसनास मदत, संसर्गावर उपचार, काविळीवर प्रकाशोपचार आणि आईचे दूध या मूलभूत गोष्टींवर भर देण्यात आला.

त्यातील विशेष उल्लेखनीय भाग म्हणजे मनुष्यबळाची योजना. प्रशिक्षित परिचारिका पुरेशा मिळत नाहीत, हे प्रारंभीच गृहीत धरून स्थानिक मुलींना नवजात सेविका म्हणून शिकविण्यात आले. त्या परिचारिकांच्या हाताखाली काम करू लागल्या. हा उपाय कोणत्याही नमुना नकाशात सापडला नसता. वॉर्डातील रोजची अडचण ज्याला ठाऊक आहे त्यालाच तो सुचला.

या कक्षाच्या कामाचा पुढे पद्धतशीर अभ्यास झाला व तो २००९ साली प्रसिद्ध झाला. कक्ष सुरू झाल्यावर रुग्णालयातील नवजात अर्भकांच्या मृत्यूंचे प्रमाण पहिल्या वर्षी १४ टक्क्यांनी आणि दुसऱ्या वर्षी २१ टक्क्यांनी घटल्याचे त्यात आढळले. पुढे देशभर अशा कक्षांचे जे जाळे उभे राहिले, त्याला पुरुलियाच्या अनुभवाचा आधार होता. एका जिल्ह्यात डॉक्टरांनी वास्तवाशी मेळ घालून केलेली आखणी राष्ट्रीय कार्यक्रमाला उपयोगी पडली, ही गोष्ट नियोजनाच्या क्षेत्रातील प्रत्येकाने लक्षात घेण्यासारखी आहे.

आईची खाट कोठे?

नवजात कक्षाच्या पारंपरिक नकाशात एका व्यक्तीला जागा नसे. ती व्यक्ती म्हणजे बाळाची आई. बाळ काचेआड, आई प्रसूतीच्या वॉर्डात आणि नातेवाईक व्हरांड्यात, अशी सर्वत्र रीत होती. ही रीत बदलण्याचे श्रेयही खाटेपाशी उभे राहून विचार करणाऱ्या डॉक्टरांकडे जाते.

दक्षिण अमेरिकेतील कोलंबिया देशात, बोगोता शहराच्या प्रसूती रुग्णालयात, १९७८ च्या सुमारास इन्क्युबेटर अपुरे होते व गर्दी अपार होती. तेथील डॉ. एदगार रेय यांनी कमी वजनाच्या बाळांना आईच्या छातीशी उघड्या अंगाने बांधून ठेवण्याची पद्धत सुरू केली. आईच्या अंगाची ऊब मिळते, दूध सहज पाजता येते आणि संसर्ग टळतो. कांगारू मातृसेवा या नावाने ही पद्धत जगभर मान्यता पावली.

मुंबईतही याच काळात महत्त्वाचे काम झाले. शीव येथील लोकमान्य टिळक महानगरपालिका सर्वसाधारण रुग्णालयात डॉ. आर्मिडा फर्नांडिस यांच्या पुढाकाराने १९८९ साली मातृदुग्धपेढी सुरू झाली. आशिया खंडातील अशी ती पहिली पेढी म्हणून ओळखली जाते. ज्या बाळांना काही कारणाने स्वतःच्या आईचे दूध मिळू शकत नाही, त्यांना इतर मातांनी स्वेच्छेने दिलेले, निर्जंतुक केलेले दूध देण्याची ही व्यवस्था. पावडरच्या दुधाने होणारे संसर्ग वॉर्डात ज्यांनी पाहिले होते, त्यांनीच हा मार्ग शोधून काढला.

यापुढचा टप्पा अलीकडचा आहे. कांगारू मातृसेवा पूर्वी बाळाची प्रकृती स्थिर झाल्यावर सुरू केली जात असे. ती जन्मानंतर लगेचच, बाळ अस्थिर असतानाही सुरू केली तर काय होईल, याचा अभ्यास जागतिक आरोग्य संघटनेच्या समन्वयाने भारत, घाना, मलावी, नायजेरिया व टांझानिया या देशांतील पाच रुग्णालयांत झाला. भारतातील केंद्र होते नवी दिल्लीचे सफदरजंग रुग्णालय. एक किलो ते एक किलो ७९९ ग्रॅम वजनाची ३,२११ बालके या अभ्यासात होती. २०२१ साली निष्कर्ष प्रसिद्ध झाले. नेहमीच्या पद्धतीने सांभाळलेल्या बाळांपैकी १५.७ टक्के बाळे पहिल्या अठ्ठावीस दिवसांत दगावली, तर जन्मताच आईच्या छातीशी ठेवलेल्या बाळांत हे प्रमाण १२ टक्के होते. म्हणजेच मृत्यू सुमारे एक-चतुर्थांशाने घटले. फायदा इतका स्पष्ट दिसू लागला की अभ्यास नियोजित वेळेपूर्वीच थांबविण्यात आला.

आखणीच्या दृष्टीने या अभ्यासातील खरा बोध पुढेच आहे. जन्मताच आई व बाळ एकत्र ठेवावयाचे तर नवजात कक्षातच आईची खाट हवी. तिच्यासाठी स्वच्छतागृह हवे, तिला जेवण मिळावयास हवे आणि प्रसूतीनंतरची तिची तपासणीही तेथेच व्हावयास हवी. त्यासाठी स्त्रीरोग विभाग व बालरोग विभाग यांच्यातील कामाची वाटणी नव्याने करावी लागते. या अभ्यासासाठी असे माता-नवजात कक्ष मुद्दाम तयार करावे लागले. औषधाची चिठ्ठी डॉक्टर केव्हाही लिहू शकतो. परंतु बारा फूट रुंदीच्या खोलीत वॉर्मरशेजारी आईची खाट तो चिठ्ठीवर लिहून आणू शकत नाही. ती नकाशातच असावी लागते. ज्या कक्षाच्या आखणीच्या वेळी हे ज्ञान असलेला डॉक्टर उपस्थित नसेल, तो कक्ष नवा असूनही पहिल्या दिवसापासून जुनाट ठरेल.

डॉक्टरांच्याही मर्यादा

येथपर्यंतच्या विवेचनावरून डॉक्टर सांगतील तेच अंतिम, असा समज होऊ नये. डॉक्टरांनाही मर्यादा आहेत. काहींना अद्ययावत यंत्रांचे आकर्षण असते. त्यांची देखभाल कोण करील, याचा विचार मागे पडतो. काहींची दोन-तीन वर्षांत बदली होते आणि नवे येणारे निराळी मागणी करतात. शिवाय, बाह्यरुग्ण विभागात दीडशे रुग्ण ताटकळत असताना बैठकीसाठी वेळ काढणे प्रत्येकाला जमतेच असे नाही. या अडचणी खऱ्या आहेत. त्यांवर उपायही आहेत. मागणीशेजारी तिचे वैद्यकीय कारण लेखी नोंदवून घ्यावे. म्हणजे बदलीनंतर आलेल्या अधिकाऱ्याला ते कळते आणि निव्वळ आवडीनिवडीच्या मागण्या आपोआप गळतात. डॉक्टरांबरोबर कक्षाच्या परिसेविकेलाही बैठकीस बोलवावे. औषधाची ट्रॉली कोठून वळेल आणि रात्री एकटीच्या नजरेत किती खाटा येतील, हे तिच्याइतके दुसऱ्या कोणास ठाऊक नसते.

दुसरी मर्यादा अधिक महत्त्वाची आहे. रुग्ण रुग्णालयात आल्यानंतरचे डॉक्टरला दिसते. तो का येत नाही हे दिसतेच असे नाही. गडचिरोली जिल्ह्यात डॉ. अभय व डॉ. राणी बंग यांनी १९८६ साली ‘सर्च’ या संस्थेचे काम सुरू केले. रुग्णालय उभारण्यापूर्वी त्यांनी आदिवासी बांधवांनाच विचारले की, तुम्हाला दवाखाना कसा हवा? मोठ्या इमारतीची भीती वाटते, नातेवाइकांना रुग्णाजवळ राहू देत नाहीत, अशी कारणे लोकांनी सांगितली. त्यानुसार शोधग्राम येथील रुग्णालय झोपड्यांच्या वस्तीसारखे उभारले गेले. नातेवाईक रुग्णापाशी राहू शकतात, आणि रुग्णालयाला माँ दंतेश्वरीचे नाव देण्यात आले. याच डॉक्टर दांपत्याने गावातील स्त्रियांना शिकवून घरोघरी नवजात बालसेवेचा कार्यक्रम आखला. ३९ गावांत राबविलेल्या या कार्यक्रमामुळे नवजात मृत्यूंचे प्रमाण निम्म्याहून अधिक घटल्याचे १९९९ साली प्रसिद्ध झाले आणि पुढे २०११ पासून आशा कार्यकर्त्यांमार्फत ही सेवा राष्ट्रीय कार्यक्रमाचा भाग बनली. डॉक्टरांचा प्रारंभीचा सहभाग फलदायी ठरतो तो असा, लोकांचे म्हणणे ऐकून घेतल्यावर.

तिसरी गोष्ट सुरक्षिततेची. ९ जानेवारी २०२१ रोजी पहाटे भंडारा येथील जिल्हा सामान्य रुग्णालयाच्या नवजात कक्षास आग लागून दहा बालकांचा मृत्यू झाला. साऱ्या राज्याला हळहळ लावणारी ती घटना होती. जी रुग्णे स्वतः उठून पळू शकत नाहीत, ज्यांना एकेक करून उचलावे लागते, त्यांच्या कक्षाचे दार किती रुंद असावे, दुसरे दार कोठे असावे आणि मध्यरात्री कर्तव्यावरील दोन परिचारिकांनी बारा बाळे किती मिनिटांत बाहेर काढावयाची, हे प्रश्न आगीनंतर विचारण्याचे नव्हेत. ते नकाशा टेबलावर असताना, डॉक्टर, परिचारिका, विद्युत अभियंता व अग्निशमन अधिकारी यांनी एकत्र बसून सोडवावयाचे प्रश्न आहेत.

कोणत्या टप्प्यावर काय करावे?

डॉक्टरांचा सहभाग हा सदिच्छेवर न सोडता कामाच्या क्रमातच बसविला पाहिजे. त्यासाठी पुढील पद्धत उपयोगी पडेल.

१. गरजेचा टप्पा : प्रस्ताव तयार करण्यापूर्वी त्या विषयाचे डॉक्टर, परिसेविका व जिल्हा शल्यचिकित्सक यांनी गेल्या वर्षभरातील नोंदी पाहाव्यात. किती प्रसूती झाल्या, किती बाळे अन्यत्र पाठवावी लागली, ती कोणत्या तालुक्यांतून आली आणि कोणत्या कारणांनी दगावली, याची टिपणी प्रस्तावास जोडावी. खाटांची संख्या या टिपणीवरून ठरावी.

२. जागेचा टप्पा : जागा निश्चित करण्यापूर्वी बाळाचा मार्ग प्रत्यक्ष चालून पाहावा. प्रसूतिगृहापासून कक्षापर्यंत, रुग्णवाहिका थांबते तेथून कक्षापर्यंत आणि आईच्या वॉर्डापासून कक्षापर्यंत. तिन्ही वाटा अभियंता व डॉक्टर यांनी बरोबर चालाव्यात. अर्ध्या तासाच्या या फेरीत अनेक चुका टळतात.

३. नकाशाचा टप्पा : कच्चा नकाशा पेन्सिलीचा असतानाच पहिली बैठक व्हावी. जमल्यास रिकाम्या खोलीत खडूने खाटा, पात्रे व दारे जमिनीवर आखून परिचारिकांना तेथे वावरून पाहावयास सांगावे. यास काहीही खर्च येत नाही.

४. अंदाजपत्रकाचा टप्पा : इमारत व यंत्रे यांबरोबरच पदे, प्रशिक्षण, वीज, प्राणवायू, देखभाल-दुरुस्ती व मातांचे जेवण यांची दरसालची तरतूद दाखविली आहे काय, हे वैद्यकीय अधिकाऱ्यांनी तपासून द्यावे.

५. बांधकामाचा टप्पा : भिंतीवर गिलावा चढण्यापूर्वी एकदा पाहणी व्हावी. विजेची बटणे, प्राणवायूची नळी व पाण्याची जोडणी यांच्या जागा तोवर बदलता येतात.

६. हस्तांतरणाचा टप्पा : कक्ष ताब्यात घेण्यापूर्वी वीज घालवून पाहावी, सर्व उपकरणे एकाच वेळी चालवून पाहावीत व बाळांऐवजी बाहुल्या घेऊन बाहेर पडण्याचा सराव करावा. उणिवा दूर झाल्यावरच उद्घाटनाची तारीख ठरवावी.

लोकप्रतिनिधी व शिक्षकांचे काम

या साऱ्यात आपण काय करू शकतो, असा प्रश्न पंचायत सदस्यांच्या मनात येणे साहजिक आहे. प्राथमिक आरोग्य केंद्राच्या इमारती जिल्हा परिषदेच्या अखत्यारीत येतात; जिल्हा नियोजन समितीतून आरोग्यासाठी निधी मिळतो; रुग्ण कल्याण समितीत लोकप्रतिनिधी असतात. म्हणजे निर्णयाच्या जागी ते आहेतच. त्यांनी वैद्यकीय ज्ञान मिळविण्याची गरज नाही. प्रस्ताव समोर आला की चार साधे प्रश्न विचारावेत. या नकाशावर येथे काम करणाऱ्या डॉक्टरांचे व परिचारिकांचे मत कोणत्या तारखेला घेतले? त्यांनी सुचविलेले कोणते बदल केले आणि कोणते नाकारले, व का? पदे मंजूर आहेत काय? आईची सोय कोठे आहे? उत्तरे इतिवृत्तात लिहिली जावीत, एवढा आग्रह पुरेसा आहे.

शिक्षकांचेही साहाय्य मोलाचे ठरेल. गावातील पालकांशी त्यांचा नित्याचा संबंध असतो. बाळंतिणीला रुग्णालयात नेताना काय अडचणी येतात, कोणत्या कारणाने कुटुंबे बाळाला अर्धवट उपचारांवर घरी आणतात, ही माहिती ते आशा कार्यकर्ती व ग्राम आरोग्य समितीमार्फत वैद्यकीय अधिकाऱ्यांपर्यंत पोहोचवू शकतात. आखणीच्या टेबलावर डॉक्टरांजवळ ही माहिती असली तर त्यांचा सल्ला अधिक अचूक होईल.

समारोप

नवी रुग्णसेवा म्हणजे इमारत नव्हे, हे आपण सारेच जाणतो. तरीही कामाच्या घाईत इमारतच आधी उभी राहते आणि सेवेचा विचार नंतर होतो. पुरुलियाच्या कक्षाने, शिवेच्या दुग्धपेढीने, सफदरजंगच्या माता-नवजात कक्षाने आणि गडचिरोलीच्या शोधग्रामाने हा क्रम उलटा करून दाखविला. आधी रुग्णाची गरज, मग ती जाणणाऱ्या डॉक्टरचा व परिचारिकेचा विचार, मग अभियंत्याचा नकाशा आणि शेवटी भिंती. या क्रमाला वेगळा निधी लागत नाही की नवा कायदा लागत नाही. लागतात त्या दोन-तीन बैठका, एक वही आणि पेन्सिलीची रेघ खोडून पुन्हा ओढण्याची तयारी. येत्या वर्षात ज्या ज्या जिल्ह्यात नव्या कक्षाचा प्रस्ताव पुढे येईल, तेथील पहिल्या बैठकीत एक खुर्ची बालरोगतज्ज्ञासाठी व एक परिसेविकेसाठी मांडलेली असावी. त्या दोन खुर्च्यांवाचून बैठक सुरू करू नये.